आधी बोट, मग सूर

गाण्याच्या बाईंच्या सत्काराला वहिनी दोन गाणी म्हणणार हे ठरलं, तेव्हा सेक्रेटरी शांतपणे चहा पीत होते. ते तसेच चहा पीत राहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण साथीला कोणाला बोलवावं, असं वहिनींनी खिडकीकडे बघत, म्हणजे जवळजवळ स्वतःलाच, विचारलं आणि सेक्रेटरी कप खाली ठेवून म्हणाले, "मी आहे ना." उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनींनी खिडकीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते की-बोर्ड वाजवत असत, हे खरं होतं. पुढे तो की-बोर्ड कपाटावर गेला आणि त्याच्यावर आधी चादरी, मग बॅगा आणि शेवटी एक मोडकी इस्त्री येऊन बसली, हेही तितकंच खरं होतं.

इथे एक खुलासा केलेला बरा. सेक्रेटरी हे आता कशाचेही सेक्रेटरी नव्हते. इमारतीच्या सोसायटीनं त्यांना एकदा त्या पदावर बसवलं होतं आणि टाकीच्या झाकणाला कुलूप असावं की नसावं या प्रश्नावर त्यांनी बाणेदारपणे राजीनामा दिला होता. राजीनामा इतक्या झटपट मंजूर झाला की ते आजही त्याबद्दल बोलत नाहीत. पद गेलं, नाव राहिलं. त्यांच्या बायकोला अख्खी इमारत वहिनी म्हणते, म्हणून आपणही तेच म्हणू.

वहिनींची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. बाईंकडे त्या लहानपणापासून लग्न होईपर्यंत शिकल्या. मग संसार, नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. गाणं उरलं ते स्वयंपाकघरापुरतं आणि तेही कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. बाई आता फार थकल्या होत्या. "त्यांना ऐकू येतंय तोवर एकदा त्यांच्यासमोर नीट गायचंय," एवढंच वहिनी म्हणाल्या होत्या, आणि वहिनी एरवी स्वतःसाठी साधी रिक्षासुद्धा मागत नाहीत, हे सेक्रेटरींना माहीत होतं. त्यामुळे 'मी आहे ना' म्हणताना त्यांचा ऊर खरोखरच भरून आला होता. ऊर भरून आलेला माणूस पुढचा विचार करत नाही.

की-बोर्ड खाली उतरवला, पुसला, बटण दाबलं. दिवे लागले. आवाज आला नाही. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून आत फुंकर मारली आणि सांगितलं की पट्ट्या ठणठणीत आहेत, फक्त गळा गेलाय, आणि तो भाग आता मिळत नाही. पण एक वायर लावून तो कॉम्प्युटरला जोडला, तर बोटं इथे चालतील आणि आवाज कॉम्प्युटर काढेल. वहिनींनी सुचवलं की कशाला एवढा व्याप, एक दिवस भाड्यानं आणू. सेक्रेटरींना ते लागलं. बायको स्वतःची, साथ स्वतःची आणि वाद्य तेवढं भाड्याचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

घरात कॉम्प्युटर म्हणजे मुलीचा जुना लॅपटॉप. मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी गेली तेव्हा तो इथेच ठेवून गेली होती, आणि का ठेवून गेली ते तो सुरू केल्यावर कळायचं. माणूस अंघोळ आटोपून, कपडे करून आला तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच असायचं. नेमकी त्याच आठवड्यात सेक्रेटरींची दाढ दुखायला लागली.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर दातांचे असले तरी त्यांची श्रद्धा लिनक्सवर होती. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी एक व्यवस्था, जी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधली आहे, जी फुकट मिळते आणि जी बिघडली तर नेमकं कोणावर ओरडायचं हे कळत नाही. डॉक्टर प्रत्येक पेशंटला लिनक्सचं महत्त्व समजावून सांगत. तोंड उघडं ठेवलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, त्यामुळे आजवर त्यांचं म्हणणं कोणी खोडलेलं नव्हतं. त्यांनी सेक्रेटरींच्या गालात कापूस कोंबून लॅपटॉपची सगळी हकिगत स्वतःच विचारली, स्वतःच उत्तरं दिली आणि म्हणाले, "मरायला टेकलेली यंत्रं लिनक्सवर तरुण होतात. घेऊन या." सेक्रेटरी म्हणाले, "आँ." डॉक्टरांनी तो होकार धरला.

आणि खरोखरच, लॅपटॉप तरुण झाला. बटण दाबताच उघडायला लागला. वायर जोडली, संगीताचा प्रोग्रॅम उघडला, पट्टी दाबली की पडद्यावर एक हिरवी रेघ उडी मारायची. आवाज तेवढा येत नव्हता. सेक्रेटरींनी आवाजाची पट्टी पूर्ण वर नेली, ऑर्गन निवडला आणि दोन्ही हातांनी, अंगात आल्यासारखं, बराच वेळ वाजवून पाहिलं. हिरवी रेघ थयथयाट करत होती आणि खोलीत चिडीचूप. एवढ्यात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे इंजिनियरसाहेब, वीज खात्यातून निवृत्त झालेले, अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत दारात उभे होते. त्यांच्या बाथरूममधल्या छोट्या स्पीकरवर रोज सकाळी बातम्या लागत. आज बातम्यांच्या जागी अचानक एक अक्राळविक्राळ ऑर्गन सुरू झाला होता आणि तो बंद होत नव्हता.

मुलीला फोन केला. ती ऑफिसात होती. हळू आवाजात म्हणाली की सोसायटीच्या कुठल्याशा कार्यक्रमाला तिनं आपला लॅपटॉप त्या स्पीकरला जोडला होता, तो अजून ओळख विसरला नसेल. "बाबा, ब्लूटूथ बंद करा," ती म्हणाली आणि मग फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती हसत असावी असा सेक्रेटरींना संशय आला, पण बापानं काही संशय मनातच ठेवायचे असतात. इंजिनियरसाहेब अंगावरचा साबण वाळेपर्यंत थांबले आणि जाताना सल्ला देऊन गेले की मूळ दोष अर्थिंगचा आहे. घरातला दिवा उडो, लिफ्ट अडको की कोणाचा संसार मोडो, त्यांच्या मते मूळ दोष अर्थिंगचाच असे.

ब्लूटूथ बंद केल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच आला. पण आला तो आपल्या सवडीनं. पट्टी आत्ता दाबावी आणि सूर जरा वेळानं यावा, हाक मारल्यावर दुसऱ्या खोलीतून मुलगा 'ओ' देतो तसा. डॉक्टरांनी दाढ कोरता कोरता कारण सांगितलं. कॉम्प्युटर आवाज थेट सोडत नाही, आधी बादलीत साठवतो आणि बादली भरली की ओततो. बादली मोठी ठेवली तर उशीर होणार, लहान ठेवली तर आवाज सांडणार. सेक्रेटरींनी घरी येऊन बादली लहान केली. सूर ताबडतोब आला, पण तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा तडतडत. वहिनी आतून धावत आल्या, त्यांना वाटलं काही जळालं.

जगभरचे लिनक्सवाले एकमेकांना अडचणी विचारतात अशी इंटरनेटवर एक जागा आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सेक्रेटरींनी तिथे एक विनंतीपत्र टाकलं. चांगलं ऐसपैस लिहिलं; महोदय, वरील विषयास अनुसरून, असं सगळं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातून एकच उत्तर आलं होतं: आधी माहितीपुस्तक वाचा. सेक्रेटरींनी लॅपटॉप फाडकन मिटला. वास्तविक सारी नोकरी त्यांनी पाणीपट्टीच्या खिडकीमागे काढली होती आणि खिडकीबाहेरच्या रांगेला 'तिकडे फलक लावलाय, वाचता येत नाही का' हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा ऐकवलं तितक्या वेळा बाईंनी 'सा' लावायला सांगितला नसेल. पण तो फलक सोप्या भाषेत होता, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी तोडगा निघाला तो कॉम्प्युटरमध्ये नव्हे, सेक्रेटरींमध्ये. एका संध्याकाळी चिडून त्यांनी पट्ट्या जरा आधीच दाबायला सुरुवात केली, आणि वहिनींच्या लक्षात आलं की आज सूर वेळेवर येतायत. झालं. बादली तशीच मोठी ठेवायची आणि माणसानं लवकर निघायचं. आधी बोट, मग सूर. बस गाठायची तर घरून आधी निघावंच लागतं, असं सेक्रेटरी येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगू लागले. पुढचे अनेक आठवडे त्यांनी याच पद्धतीनं कसून सराव केला. पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर नजर खिळवून ते वहिनींच्या शब्दाच्या एक पाऊल पुढे बोटं टाकत. वहिनी काय गातायत हे ऐकायला त्यात उसंत नव्हती, पण सूर बरोबर पडत होते.

सवय अशी अंगात मुरली की ती की-बोर्डपुरती राहिना. पाहुणा उठण्याआधीच सेक्रेटरी 'या परत' म्हणू लागले. वहिनींचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत त्यांचं उत्तर हजर असायचं. वहिनींनी मुलीला फोनवर सांगितलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझे बाबा पहिल्यांदाच कुठल्या गोष्टीत माझ्या आधी पोचतायत.

मग उपटली सभागृहाच्या व्यवस्थापकांची अडचण. सत्काराच्या सभागृहात कार्यक्रमाआधी तिथे येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद लागे. लॅपटॉपची नोंद कुठल्या रकान्यात करायची? वाद्य असेल तर प्रश्न नाही. यंत्र असेल तर ते सुरक्षित असल्याचा जाणकाराचा दाखला हवा. वाद्यच आहे, असं सेक्रेटरींनी ठासून सांगितलं. खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभं राहण्याचा त्यांना सराव नव्हता, त्यामुळे आवाज जरा चढला. व्यवस्थापक शांत होते. त्यांनी वाजवून दाखवायला सांगितलं. सेक्रेटरींनी टेबलावर सगळा पसारा मांडला आणि ठेवणीतला तुकडा वाजवला. व्यवस्थापकांनी डोळे बारीक करून त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग कान दिला, मग परत बोटांकडे पाहिलं.

"हात आधी हलतो आणि आवाज मागून येतो," ते म्हणाले. "हे यंत्रच आहे. वाद्य असं वागत नाही."

दाखला द्यायला अर्थात इंजिनियरसाहेब आले. या वेळी अंगावर पूर्ण कपडे होते आणि हातात तपासणीचं उपकरण. त्यांनी लॅपटॉप, की-बोर्ड, वायर, सभागृहाची सगळी सॉकेट्स आणि व्यवस्थापकांचा पंखा एवढं तपासलं, पंख्याचं अर्थिंग सदोष असल्याचं लेखी दिलं आणि लॅपटॉपबद्दल लिहायला विसरले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी व्यवस्थापकांची अवस्था झाली. त्यांनी लॅपटॉपसमोर 'किरकोळ सामान' असं लिहिलं आणि दोघांना निरोप दिला. आपल्या कलेची रवानगी किरकोळ सामानात झालेली सेक्रेटरींनी वहिनींना सांगितली नाही.

सत्काराच्या आदल्या दिवशी वहिनी गळ्याला विश्रांती देत होत्या, म्हणून सराव नव्हता. डॉक्टर सकाळीच येऊन लॅपटॉप घेऊन गेले. शेवटची नजर टाकतो, ऐन वेळी काही नको, असं म्हणाले. सेक्रेटरींना ते आपलेपणाचं वाटलं. ज्याच्या हाती आपण दाढ दिली त्याच्या हाती लॅपटॉप द्यायला कसली भीती.

सत्काराच्या दिवशी सभागृह बाईंच्या शिष्यांनी भरलं होतं. बाई पहिल्या रांगेत खुर्चीत बसल्या होत्या, मान किंचित एका बाजूला कलती, चांगला कान मंचाकडे. वहिनींनी आतल्या खोलीच्या दारातून त्यांना पाहिलं आणि आपले हात थंड पडलेत असं सांगितलं. सेक्रेटरींनी ते हातात घेतले. त्यांचे स्वतःचे हात गरम होते, कारण त्यांना कशाचीच चिंता नव्हती. तेवढ्यात लॅपटॉप छातीशी धरून डॉक्टर आले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"एक गंमत केलीय," ते म्हणाले. "लिनक्सचा गाभाच बदलून टाकला, खास संगीतवाल्यांचा असतो तो घातला. आता लहान बादलीतही तडतड नाही. बोट टेकलं की सूर, जरासुद्धा उशीर नाही."

सेक्रेटरींनी हात सोडले. पहिलं त्यांनी विचारलं की हे उलटं फिरवता येईल का. डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. इतक्या मेहनतीनं बरा केलेला पेशंट परत आजारी पाडा, असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका पडला की सेक्रेटरींना उलट त्यांचे आभार मानावे लागले. बाहेर वहिनींचं नाव पुकारलं गेलं. सेक्रेटरींनी घाईघाईनं वहिनींना काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले की काळजी करू नकोस, मी वेळेवर वाजवतो. वहिनी साडी सारखी करून मंचाकडे निघाल्या.

पण बोटांना ते कोण सांगणार? पहिलं गाणं हलकंफुलकं होतं. सेक्रेटरींची बोटं शब्दाच्या एक पाऊल पुढे पडली आणि सूरही तिथेच, एक पाऊल पुढे, पडला. वहिनींना वाटलं आपण मागे पडलो, म्हणून त्यांनी पाऊल उचललं. त्या जवळ आल्याबरोबर बोटं आणखी पुढे सरकली. मग त्या आणखी पुढे. गाणं चालायचं सोडून पळायला लागलं, दुसऱ्या कडव्याला ते उतारावर लागलं आणि शेवटच्या ओळीला दोघं धापा टाकत कसेबसे एका जागी येऊन आदळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते मुळातच तसं गाणं वाटलं. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी कानामागे हात धरला होता आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

दुसरं गाणं संथ होतं. बाईंनी स्वतः शिकवलेलं, एकेक जागा घोटून घेतलेलं. वहिनींना जे गायचं होतं ते हेच. पहिलं नुसतं गळा मोकळा करायला होतं. सेक्रेटरींना घाम फुटला. या गाण्यासाठी त्यांनी कडव्यांच्या मधले तुकडे बसवले होते, तीन तऱ्हेचे आवाज निवडून ठेवले होते, शेवटाला तर व्हायोलिनांचा अख्खा ताफा येणार होता. हे सगळं एक पाऊल आधी येऊन बायकोच्या गाण्यावर कोसळणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. वहिनी माइकपासून बाजूला झाल्या आणि पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ आल्या.

"नुसता सा धरून ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

सेक्रेटरींना ते लागलंच. इतक्या खटपटीनंतर वाट्याला एक पट्टी, आणि तीसुद्धा धरून बसायची. मांडीवर बसवलेल्या पोराच्या हातात कोणी झांज दिल्यासारखं वाटलं त्यांना. पण पाणी पितानाही वहिनींची नजर पहिल्या रांगेतल्या बाईंवर होती ती त्यांनी पाहिली. त्यांनी व्हायोलिनांचा ताफा बंद केला, उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं आणि दाबलं.

धरलेल्या सुराला ना लवकर असतं ना उशीर. तो आपला असतो. वहिनींनी डोळे मिटले, थोडं थांबून त्या सुरात सूर मिसळला आणि गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर सेक्रेटरींचा डावा हात सवयीनं पट्ट्यांकडे निघाला; तो त्यांनी मांडीखाली घालून त्याच्यावर बसकण मारली. पडद्याकडे बघायचं कारण उरलं नव्हतं, तिथली हिरवी रेघ एका जागी उभी होती. तेव्हा ते ऐकायला लागले. इतक्या आठवड्यांत त्यांनी वहिनींचं गाणं एकदाही ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातून जे येत असे ते त्यांना घरातल्या बाकीच्या आवाजांपैकीच एक वाटायचं. ते हे होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. एका जागेवर वहिनी खूप वेळ थांबल्या आणि मग अलगद खाली उतरल्या, तेव्हा सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. एक सूर धरून होता आणि दुसऱ्यावर ते स्वतः बसले होते.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायला सुरुवात बाईंनी केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

कार्यक्रमानंतर दोघं बाईंच्या पाया पडायला गेले. बाईंनी वहिनींचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाल्या, "पोरी, जपून ठेवलंस गं." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग बाईंनी मान वळवून सेक्रेटरींकडे पाहिलं, त्यांना चांगल्या कानाच्या बाजूला बोलावून घेतलं.

"पहिल्या गाण्याला कोण होतं वाजवायला, मला दिसलं नाही. फार घाई होती त्याला," बाई म्हणाल्या. "पण दुसऱ्याला तुमची साथ उत्तम झाली. एवढं वाद्य हाताशी असून कुठे मधे आला नाहीत. हे फार थोड्यांना जमतं."

सेक्रेटरी ताठ उभे राहिले. डावा हात अजून मुंग्यांनी बधिर होता. मागे डॉक्टर कान टवकारून उभे होते आणि त्यांच्यामागे इंजिनियरसाहेब सॉकेटकडे बघत होते. अशा वेळी माणसानं नम्रपणे काहीतरी बोलायचं असतं.

"लिनक्स आहे," ते म्हणाले.

वहिनी डोळे पुसता पुसता हसायला लागल्या, बाईंच्या समोर, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांना थांबताच येईना. बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही.